हान्सेल-ग्रेटेल खाडीकाठी : बाबल्या आणि बायोच्या गोष्टीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही गोष्ट ऐकलेले आईबाबा, शिक्षक आणि स्वतः मुलांसाठी लिहू बघणारी मंडळी परत परत तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. शेवटही सांगितलाय, त्यामुळे मुलांना आधी गोष्ट ऐकवा, मग त्यांच्यासमोर हे उघडा.

नेमकी गोष्ट काय आहे?

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची हान्सेल आणि ग्रेटेलची परीकथा आहे ना, भावाबहिणीला जंगलात सोडून देतात आणि त्यांना खाऊचं घर सापडतं ती, तीच सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी आणलीय. भाऊ बाबल्या, बहीण बायो. जंगलाऐवजी कांदळवन, चेटकिणीऐवजी गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत. कोजागिरीला सुरू होते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे संपते. गावाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही म्हणजे आचऱ्याच्या मुलाला ती आचऱ्याची वाटते आणि देवगडच्या मुलाला देवगडची.

आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का, परदेशी कशाला?

अजिबात कमी नाहीत, आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी मी आजही तितक्याच आवडीने सांगते. पण गोष्टी प्रवास करतातच हो, त्यांना कोण अडवणार. ग्रिम बंधूंनी तरी ही स्वतः कुठे रचली, लोकांकडून ऐकलेली, १८१२ साली पहिल्यांदा छापली आणि १८५७ पर्यंत सात आवृत्त्यांमध्ये तिला हात लावत राहिले. जी गोष्ट छापणाऱ्यांनीच पंचेचाळीस वर्षं बदलत ठेवली ती आपण आपल्या खाडीला आणली तर काय बिघडलं. दुसरं म्हणजे उपाशी घर, भावंडं, आणि मोठ्यांनी घेतलेला एक वाईट निर्णय हे काही फक्त जर्मनीत घडत नाही.

नुसती नावं आणि खाऊ बदलून भागलं नसतं का?

नाही, आणि मला सगळ्यात कळकळीने हेच सांगायचंय. हान्सेलचा बाबल्या केला, केकची आंबापोळी केली आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं तर ती जर्मन गोष्टच राहते, फक्त कपडे आपले. जागा बदलली की जागेचे नियम लागू झाले पाहिजेत आणि त्या नियमांनी कथानक हललं पाहिजे.

माझ्या बाबतीत ते भरती-ओहोटीने केलं. मूळ गोष्टीत हान्सेल वाटेत पांढरे खडे टाकत जातो, रात्री चंद्र वर आला की खडे चमकतात आणि मुलं त्या वाटेने घरी येतात. मी म्हटलं ठीक, खड्यांऐवजी तिसऱ्यांचे शिंपले घेऊ, आतून पांढरेशुभ्र असतात, चांदण्यात मस्त दिसतील, आणि भरपूर चांदणं हवं म्हणून कोजागिरी घेतली. आणि तिथेच अडकलं, कारण पौर्णिमा म्हणजे उधाण!

आपल्याकडे दर्यावरच्या लोकांचा साधा हिशोब असतो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे चंद्र डोक्यावर येतो साधारण त्याच वेळेला खाडी काठोकाठ भरलेली असते आणि चिखलात रोवलेले सगळे शिंपले पाण्याखाली! जर्मन जंगलात चंद्र वर आला की वाट दिसते, आपल्या कांदळवनात चंद्र वर आला की वाट बुडते.

हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण इथे ती गोष्ट खऱ्या अर्थाने आपली झाली. आता मुलांना थांबावं लागतं. बाबल्या घाबरून पाण्यात उतरायला निघतो, बायो त्याचा सदरा धरून ठेवते, दोघं चिप्पीच्या झाडावर चढून बसतात, खालून पाणी वाढतंय, झाडाच्या मुळांची वर आलेली टोकं एकेक करून नाहीशी होतायत. मग साधारण दोननंतर टोकं परत दिसायला लागतात. चार वाजता पहिला शिंपला. चंद्र तोवर पश्चिमेला कललेला, उजेड तिरका, आणि त्या तिरक्या उजेडात ओल्या चिखलावर शिंपल्यांची ओळ. हा प्रसंग सांगताना वर्गात कोणी हलत नाही.

बाबल्या-बायोला सोडून कोण जातं? सावत्र आई आहे का?

नाही. सावत्र आई मी काढून टाकली आणि त्याबद्दल मला जराही शंका नाही. ऐकायला बसलेल्या मुलांत एखाद्याच्या घरी खरंच दुसरी आई असते, ती त्याला डबा देऊन पाठवते, त्याने ही गोष्ट ऐकून घरी काय घेऊन जायचं? आणि गंमत म्हणजे मुळात पण ती सावत्र नव्हतीच. पहिल्या आवृत्तीत सख्खी आई आहे, १८४० च्या चौथ्या आवृत्तीत तिची सावत्र झाली. १८९३ मध्ये या गोष्टीचा जर्मनीत ऑपेरा आला त्यात तर आई रागाच्या भरात मुलांना स्ट्रॉबेरी वेचायला पाठवते आणि ती वाट चुकतात.

माझ्या गोष्टीत आई-बाबा दोघं सख्खे आहेत, दोघंही उपाशी आहेत. दिवस कुठले घेतलेत बघा, आश्विन. आगोटीला भरून ठेवलेलं पावसात संपलं, जुना भात कणगीच्या तळाला, नवा अजून शेतात उभा, आणि वादळात बापाची होडी फुटलेली. अशा वेळी बाप मुलांना पैलतीरी सोडतो, मनात म्हणतो कोणीतरी पोटाला घालेल. हे चूकच आहे आणि गोष्ट त्याला चूकच म्हणते, पण तो राक्षस नाही.

चेटकीण का नाही?

कारण गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला चेटकीण म्हणून त्रास द्यायचे प्रकार आपल्या देशात गोष्टीत नाही तर प्रत्यक्षात झालेत. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात "म्हातारी, एकटी, वाकडी, म्हणजे चेटकीण" हे चित्र मी तरी घालणार नाही.

त्यात आपल्याकडे गिऱ्हा असताना दुसरं कोणी शोधायची गरजच काय? तो पाण्यात राहतो, रात्री वाटसरूला हाक मारतो, इथे पाणी उथळ आहे असं भासवून खोलात नेतो. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती आवाज काढून दाखवेल. मूळ चेटकिणीला लांबचं दिसत नाही, तेवढं मी त्याला दिलंय. पाण्याबाहेर त्याला धूसर दिसतं, म्हणून तो चाचपतो.

खाऊचं घर कशाचं बांधलंय?

हा मुलांचा सगळ्यात आवडता प्रश्न! भिंती खडखड्या लाडवांच्या, कौलांच्या जागी फणसपोळी, दार आंबापोळीचं, खांब मालवणी खाजाचे आणि त्यावरचा गूळ-आल्याचा पाक थोडा ओघळलेला. खिडक्यांना खडीसाखर. दरवेळी मुलं स्वतःची भर घालतात. एका मुलीने पायरीला शहाळ्याची मलई लावलीय, ती आता कायमची गोष्टीत आहे. सांगताना इथे घाई करू नका, दोन्ही मुलं उपाशी आहेत हे विसरू नका, पहिला घास कोण तोडतं, तो कसा चावतं, हे नीट सांगा. घराकडे नेतो तो पांढरा पक्षी मात्र मुळातलाच, मी त्याला बगळा केलंय.

दुसऱ्यांदा भाकरीचे तुकडे टाकतात ते कोण खातं?

शिंपल्यांमागून घरी आलेल्या मुलांना परत सोडून देतात तेव्हाचे हे तुकडे. मुळात ते पाखरं खातात. इथे कावळे आहेतच, पण जास्त काम कुर्ल्या, म्हणजे खेकडे, करतात. बाबल्या मागे वळून बघतो तर तुकडा आडवा-आडवा चालत बिळात जातोय. इथे मुलं हसतात, आणि हसली पाहिजेत, कारण पुढे बराच वेळ हसायला मिळणार नाही.

परीकथेची साहसकथा कशी होते? मला पण लिहायचंय.

मूळ परीकथा पाच-सहा पानांत संपते. तिच्यात "मग ते चालत गेले" एवढं एक वाक्य असतं, साहसकथेत त्या एका वाक्याचं प्रकरण होतं. पण लांबवायचं म्हणून वाटेत राक्षसामागून राक्षस उभे केलेत तर मुलं कंटाळतात, मारामारीचा कंटाळा मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर येतो. त्यापेक्षा जागेकडे बघा. तिथे काय आहे, त्याचा त्रास काय होईल आणि त्याचाच उपयोग कसा होईल? कांदळाच्या बिया झाडावरच रुजतात, त्यांच्या लांब हिरव्या शेंगा खाली लोंबत असतात, त्या बाबल्या भाल्यासारख्या वापरतो. चिखलावर निवट्या मासे उड्या मारत जातात तिथे पाय किती रुततो ते बायो त्यांच्या मागे जाऊन शिकते. चिप्पीची फुलं रात्री उमलतात, म्हणून वास आला की झाड जवळ आहे हे अंधारात कळतं. पांढरी चिप्पी २०२० पासून आपला राज्य कांदळवन वृक्ष आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार अभिमान वाटतो, जणू काही ते झाड त्यांनीच लावलंय.

आणि जादूला नियम हवाच. माझा गिऱ्हा पाण्यात सर्वशक्तिमान, पाण्याबाहेर काहीच नाही. हा नियम गोष्टीत लवकर सांगून टाका आणि मग शेवटपर्यंत तो मोडू नका. ऐन वेळी परी आली आणि सोडवून गेली असं केलंत तर मुलं तुम्हाला परत गोष्ट सांगू देणार नाहीत. सोडवणूक मुलांनीच करायची, स्वतःच्या डोक्याने.

बाबल्याला पिंजऱ्यात का ठेवलंय, तो मुलगा आहे ना?

हो, आणि मुळातही कोंडला जातो तो हान्सेलच! लोक विसरतात की ही गोष्ट शेवटी ग्रेटेल जिंकते. पहिल्या निम्म्या भागात भाऊ हुशार आणि बहीण रडणारी, दुसऱ्या निम्म्यात भाऊ कोंडलेला आणि बहीण सगळं करते. मी फक्त बायोचं रडणं कमी केलंय, पूर्ण बंद नाही केलं, कारण रडणारी मुलगी शूर असू शकते.

बाबल्या कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. किती जाड झाला ते बघायला गिऱ्हा रोज बोट पुढे करायला सांगतो. मुळात हान्सेल हाड पुढे करतो, बाबल्या जेवणातल्या कुर्लीचा डेंगा, म्हणजे नांगी, पुढे करतो. गिऱ्हा चाचपतो, वैतागतो, म्हणतो अजून हाडंच, आणि उद्यावर ढकलतो. असे नऊ दिवस.

शेवट नीट समजला नाही, भट्टीचं काय झालं?

भट्टी ठेवली नाही. एक तर आपल्या घरात अशी माणूस मावेल एवढी भट्टी नसते, दुसरं म्हणजे माझा गिऱ्हा पाण्यातला, त्याला आगीने मारण्यात मजा नाही. पण ग्रेटेलची युक्ती मी तशीच ठेवलीय कारण ती सोन्यासारखी आहे. ती म्हणते मला येत नाही, तुम्ही दाखवा. लहान मुलांना दिवसभर कोणी ना कोणी "तुला येत नाही" म्हणत असतं, तेच वाक्य हत्यार होतं हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तर, घर उभं आहे पडीक खाजणात. खाजण माहीत नसेल त्यांच्यासाठी, खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात आणि बांधात उघाडी ठेवतात, म्हणजे पाणी सोडायची मोरी आणि तिला फळी. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला फळी बंद, खाडीचं पाणी आत येत नाही. गिऱ्ह्याने बांधाच्या आत पाणी साठवून स्वतःचं तळं केलंय. तो बायोला सांगतो, उद्या भावाला शिजवायचाय, हे जुनं गढूळ पाणी थोडं सोडून दे.

चतुर्दशीची पहाट आहे. चौदा पाऊण साडेदहा, म्हणजे भरती सकाळी साडेदहाला, म्हणजे सव्वाचार-साडेचारला खाडी पार सुकलेली. हा हिशोब बायो खुराड्याजवळ बसून बोटांवर करते आणि ऐकणारी मुलं तिच्याबरोबर करतात, पाऊणकीचा पाढा असा पाठ होताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मग ती फळीपाशी जाते आणि हाक मारते,

"गिऱ्होबा, ही फळी माका उचलूक येना नाय, तुमीच दाखवा मगे."

तो चिडत येतो, फळी उचलतो, साठलेलं सगळं पाणी एका दमात मोरीतून बाहेर धावतं आणि त्याला बरोबर घेऊन जातं. बायो फळी सोडते. आत चिखल, बाहेर चिखल, भरतीचं पाणी चढायला अजून वेळ आहे. गिऱ्हा लहान होत जातो, पखालीएवढा, नारळाएवढा, कारिटाएवढा. आणि पैलतीरावर प्रत्येक दारात, तुळशीपुढे, नेमकी त्याच वेळी नरकचतुर्दशीची कारिटं, ती पायाखाली फोडायची लहान कडू फळं, फुटतायत. बायो डावा पाय उचलते.

इथे मी थांबते. "फट्" मुलं करतात, सगळी एकदम, पाय आपटून.

परत कशी येतात? आणि हिरे-मोती?

मुळात पांढरं बदक त्यांना पाण्यापलीकडे नेतं, आणि ग्रेटेल म्हणते दोघं एकदम नको, बिचाऱ्याला जड होईल, एकेक करून जाऊ. ते मला फार आवडतं, एवढं सगळं भोगून आलेली मुलगी बदकाच्या पाठीचा विचार करते. आमच्याकडे एक ऊद आहे, पाणमांजर, तो एका लहानशा होडक्याची दोरी ओढतो आणि बायो तेच म्हणते.

हिरे-मोती नाहीत. बाबल्याच्या खिशात राता भाताचं बी आहे, खाऱ्या जमिनीत येणारं, खाजणातल्या जुन्या कणगीत सापडलेलं. घरी पोचतात तेव्हा नव्या भाताचे पोहे झालेले असतात.

मग बाबाला माफ करतात का?

बाप माफी मागतो, एवढं गोष्टीत आहे. पुढचं मी मुलांना विचारते. भांडणं होतात. एकदा एक मुलगा म्हणाला पोहे खाऊन मग ठरवू, बहुतेकांना ते पटलं.

लहान मुलं घाबरणार नाहीत का?

घाबरतात. घाबरू द्या. गोष्टीतली भीती सुरक्षित असते, मांडीवर बसून घेतलेली असते, आणि तिला शेवट असतो. भीती पूर्ण काढून टाकली तर बायोच्या शौर्याला काही अर्थच उरत नाही, ती कशावर मात करतेय मग? पण दोन गोष्टी पाळा. रक्त आणि मारहाणीचं वर्णन नको, त्याची गरजच नाही. आणि खुराड्याच्या भागात रात्री गोष्ट तोडू नका, "उरलेली उद्या" करायची असेल तर झाडावर दोघं सुरक्षित बसलेली आहेत तिथे तोडा. पाच वर्षांखालच्यांना फक्त शिंपल्यांची रात्र सांगा, ती एकटीसुद्धा पुरते. पूर्ण गोष्ट सहा ते दहा वयाला बरोबर बसते.

मालवणीत सांगायची की पुस्तकी मराठीत?

निवेदन तुम्ही घरी बोलता तसं, संवाद मालवणीत. रायगड-रत्नागिरीकडची मंडळी आपापल्या बोलीत करतात, छान होतं.

आमच्याकडे खाडी नाही, डोंगरात राहतो.

मग भरती-ओहोटी घेऊ नका. तुमच्याकडे काय आहे? सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसात चार महिने पाणी आणि मे महिन्यात कातळ तापलेला, तिथे वाट कशी हरवेल? गावच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, विचारा म्हटलं तर तो काय सांगेल? तिथून सुरुवात करा.

कॉपीराइटची भानगड नाही ना?

मूळ गोष्टीची नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, विल्हेल्म ग्रिम १८५९ मध्ये गेला आणि याकोब १८६३ मध्ये. पण कोणाचा अलीकडचा अनुवाद, चित्रं किंवा सिनेमातली भर उचलायची नाही, ती त्यांची असते. बाबल्या-बायोची गोष्ट मात्र बिनधास्त सांगा, बदला.

मुलांना खरं कांदळवन दाखवायचंय, कधी नेऊ?

वर दिलेल्या हिशोबाने भरतीची वेळ काढा, तिच्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, त्याच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळायच्या आत निघा. गावातला खाडी माहीत असलेला माणूस बरोबर हवाच, हिशोब अंदाजाचा असतो आणि चिखल कुठे किती खोल ते त्यालाच माहीत. पायात घट्ट बसणारे बूट, चप्पल चिखलात राहते. झाडं तोडायची नाहीत, फांदीसुद्धा नाही, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. खाली पडलेल्या शेंगा हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा, त्या रुजतात.

शाळेच्या गॅदरिंगला नाटक करू का?

करा ना! पाण्यासाठी निळ्या साड्या, दोन बाजूंनी चौघा मुलांनी धरायच्या, भरतीला वर, ओहोटीला खाली. शिंपल्यांना आतून चुना लावा, स्टेजच्या लाइटमध्ये लांबून दिसतात. कारीट सीझनला मिळालं नाही तर प्लॅस्टिकचं काही आणू नका, बायोने नुसता पाय आपटला तरी चालतं, "फट्" प्रेक्षकांकडून करून घ्या, फक्त पहिल्या रांगेतल्या मुलांना आधी एकदा सांगून ठेवा.